खिळ्यावरचं टोकन

सोमवार, ३ नोव्हेंबर

एकतीस वर्षं गेजरूमच्या, म्हणजे मापाची हत्यारं ठेवायच्या खोलीच्या, वहीत रोज नोंद केली. निवृत्त झाल्यावर ती वही कंपनीत राहिली, सवय माझ्याबरोबर घरी आली. गेल्या चार वर्षांत या वहीत गुडघा, सोसायटीचं पाणी आणि बायकोची, इंदूची औषधं यापलीकडे फारसं काही आलं नाही. आज कामाची नोंद आहे, म्हणून अक्षरही जरा बरं काढतोय.

पुण्यातल्या एका संस्थेनं सर्वेक्षणासाठी माणसं घेतली आहेत. सत्तरीच्या पुढच्या लोकांना जगण्यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, ते मोजायचं. 'मोजायचं' हा शब्द वाचला आणि अर्ज केला. शिकवायला स्वरूपा मॅडम होत्या. तिशीच्या आतबाहेर असतील. बोलणं नेमकं. मला काका म्हणतात.

पाच पत्ते आहेत, प्लास्टिक चढवलेले. एकेकावर एकेक गोष्ट लिहिली आहे. माया आणि सोबत. उद्याची धास्ती नसणं. आपला कुणाला उपयोग असणं. मन रमणं. पाचवा, माझं मी ठरवणं. पत्ते समोर मांडायचे आणि दोनच प्रश्न विचारायचे: यातलं शेवटपर्यंत काय राहिलं पाहिजे, आणि एक सोडायचंच झालं तर कोणतं सोडाल. माणूस एकटा असतानाच विचारायचं. तीन आठवड्यांनी परत त्याच माणसाकडे जाऊन तेच विचारायचं, उत्तरं जुळतात का बघायचं.

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे एकच जॉब, म्हणजे मशिनवर घडवलेला भाग, दोनदा मोजायचो. आकडा जुळला तर माप खरं. नाही जुळला तर गेज बिघडलंय, नाहीतर मोजणारा.

सरावासाठी स्वतःचा फॉर्म भरायला सांगितला. मी धास्ती नसणं ठेवलं आणि उपयोग असणं सोडलं. मॅडम म्हणाल्या, "एवढ्या लांबून कामाला आलात आणि उपयोगच सोडलात, काका?" सगळे हसले. मीही हसलो.

ज्याच्याकडे न जुळणारी उत्तरं जास्त येतील त्याला थांबवणार, असं शेवटी सांगितलं. आमच्यात सगळ्यात वयस्कर मीच आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दापोडीत चार घरं झाली. चौथं लक्षात राहील.

रुळांच्या बाजूची गल्ली, दोन खोल्या, बाहेर लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी, दोन्ही सताड उघडी. चिमाजी नाना, वय अठ्ठ्याहत्तर. मूळचे मावळातले, पण इथंच म्हातारे झालेले. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी साधना तळेगावला असते, चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाते. बहिणीचा मुलगा विक्की दिवाळीपासून सोबतीला येऊन राहिलाय म्हणाले. तो बाहेर गेला होता. चहा स्वतः केला. मी कप विसळायला उठलो तर म्हणाले, बसा, पाहुण्यानं मोरीकडं बघू नये.

मी गेजरूमला होतो हे कळल्यावर त्यांची कळी खुलली. ते छत्तीस वर्षं टर्नर होते. "म्हंजी तुमी क्यूसीवाले. आमी दिसभर घाम गाळायचा आन् तुमी चिमटीत धरून म्हणायचं, रिजेक्ट." मग दाराजवळच्या खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला. त्यात पितळी टोकन होतं, रुपयाच्या जुन्या नाण्याएवढं, ११४ असा आकडा ठोकलेला. निवृत्तीला परत करायचं असतं, त्यांनी केलं नाही. जन्मात एवढी एकच चोरी केली म्हणाले.

टोकन हातात घेतल्यावर मीही बोलत सुटलो. आमच्याकडे हत्यार न्यायचं तर त्याच्या जागी खिळ्यावर आपलं टोकन लावायचं. पाळी सुटताना खिळ्यावर टोकन राहिलं असेल तर गेजरूमला कुलूप घालायचं नाही. आधी माणूस शोधायचा. एकदा दुसऱ्या पाळीला एक टोकन राहिलं. सगळे म्हणाले, विसरून गेला असेल घरी, लावा कुलूप. मी लावलं नाही, शोधायला गेलो. भट्टीच्या मागं पडला होता, चक्कर येऊन. वाचला. नानांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. कुठल्या साली, किती वेळानं सापडला, हेही विचारलं.

पत्ते मांडले. नानांनी 'माझं मी ठरवणं' उचलून छातीशी धरला. सोडायला 'धास्ती नसणं' दिला. म्हणाले, या वयात धास्ती कसली, आन् असली तरी काय.

परत येऊन हेच विचारणार आणि उत्तरं जुळवणार, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "न्हाई जुळली तर?" मी म्हटलं, गेजची चूक, नाहीतर माझी. "तिसरं इसरलात. जॉब गरम आसंल तर?" गरम जॉब मोजायचाच नाही, धातू फुगलेला असतो, हा पहिला नियम, असं मी म्हटलं. ते हसले. व्हय, म्हणाले, पण गरम हाय ह्ये हात लावल्याबिगर कसं कळायचं.

अडीअडचणीला म्हणून साधनाचा नंबर दिला. फॉर्म पूर्ण.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मोशीत एका तीन मजली बंगल्यात आजीबाईंकडे गेलो. सून बाजूला बसलेली होती तोवर आजी म्हणत राहिल्या, सगळंच चांगलं हाय, काय बी लिवा. सून पाणी आणायला उठली तशी आजींनी एका पत्त्यावर बोट ठेवलं, लगेच काढलं, आणि परत म्हणाल्या, सगळंच चांगलं हाय.

एकट्यानं विचारायचा नियम का केला असेल ते आज कळलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज चूक झाली. जशी झाली तशी लिहितो.

चिमाजी नानांची दुसरी भेट. जाळीचं दार आतून लावलेलं होतं. विक्कीनं उघडलं. तिशीचा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. म्हणाला, "या काका, मामांनी सांगितलं होतं तुमचं." नाना पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला. अंगातला सदरा बराच मळलेला. टीव्ही मोठ्यानं चालू होता. मी राम राम केला तेव्हा त्यांनी आधी विक्कीकडं पाहिलं, मग मला राम राम केला.

जरा एकट्यात विचारायचं असतं, असं मी सांगून पाहिलं. विक्की म्हणाला, मामांना आता काही समजत नाही, मी नसलो तर घाबरतात, आणि पलंगाच्या कडेवर बसला. मला तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण संध्याकाळच्या आत अजून दोन घरं करायची होती.

नानांनी 'धास्ती नसणं' ठेवलं. 'माझं मी ठरवणं' सोडलं. पहिल्या वेळच्या बरोबर उलटं. मी परत विचारलं, परत तेच. अडीअडचणीचा नंबर विचारला तर विक्कीनं स्वतःचा सांगितला. नाना टीव्हीकडं बघत राहिले. पत्ते मात्र त्यांनीच गोळा केले, मांडीवर घेऊन कडा ठोकून सारखे केले, रबर लावला आणि मला देत म्हणाले, "मोजून घ्या साहेब. तुमी गेजरूमचं."

विक्की दारात उभा होता. पाच पत्ते त्याच्यासमोर मोजत बसायला मला लाज वाटली. तसेच पिशवीत टाकले.

बाहेर गाडीला टेकून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: उत्तरदाता गोंधळलेला. विक्की मागोमाग आला होता. काय लिहिलं काका, म्हणून त्यानं विचारलं. दाखवलं. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. आठवणीला, म्हणाला.

घरी येऊन रबर काढला. चार पत्ते, आणि मध्ये नानांचं ते पितळी टोकन. 'माझं मी ठरवणं' नाही.

एकतीस वर्षांत माझ्याकडून एक गेज हरवलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

रात्रभर पत्त्याचाच विचार. मॅडमना सांगितलं तर आधी न जुळणारं उत्तर, वर हरवलेला पत्ता. म्हणतील, काकांना आता झेपत नाही. चिखलीच्या झेरॉक्सवाल्याकडून तसाच पत्ता छापून प्लास्टिक चढवून घेतला. कुणाला कळणार नाही. स्वतःला मात्र दिसतो. कोपरा नीट गोल झालेला नाही.

टोकनाचं कोडं मी असं सोडवलं. नानांचं डोकं खरंच चालेनासं झालंय. तीन आठवड्यांत माणूस घसरतो, आमच्या शेजारच्या देशमुखांचं तसंच झालं. पत्त्यांच्या जागी चुकून टोकन घातलं असणार. शेरा बरोबरच आहे.

इंदू म्हणाली, हरवायला नको, खिळ्याला अडकवा. दाराजवळच्या किल्ल्यांच्या खिळ्याला लावलं.

सोमवार, १ डिसेंबर

विक्कीचा फोन आला. घरोघरी देतो त्या माहितीच्या कागदावर माझा नंबर असतो, त्यावरून घेतला असणार. गल्लीतल्या घरांच्या जागी नवी इमारत होणार आहे, त्याची नोंदणी चालली आहे, मामांना त्यातलं काही कळत नाही, पुढचं सगळं त्यालाच बघावं लागणार. तेव्हा संस्थेच्या कागदावर, शिक्क्यासह, एवढंच लिहून द्यायचं की या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. "फॉर्मवर तर तुम्ही लिहिलंच आहे ना काका. तेच फक्त मोठ्या अक्षरात."

आम्ही डॉक्टर नाही, असं पत्र देता येत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. विचारून सांगतो, असं म्हणालो.

नाना कसे आहेत, हे मी विचारलं. झोपलेत, म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते.

बुधवार, ३ डिसेंबर

फोन उचलला नाही तर आज तो इथं आला, पत्ता कुठून काढला कळत नाही. सोसायटीच्या गेटवर लाल मोटरसायकल लावून उभा. मी दूध आणायला खाली उतरलो होतो. वॉचमनला त्यानं सांगितलं होतं की मी त्याच्या ओळखीतला आहे.

आवाज चढवला नाही. खांद्यावर हात ठेवून बोलत होता. पत्राचं काय झालं ते विचारलं. संस्थेत बोलतोय, म्हणालो. तो म्हणाला, "बोला ना, घाई नाही. चांगली सोसायटी आहे हो तुमची, बी विंग ना? काकू रोज संध्याकाळी मंदिरात एकट्याच जातात वाटतं. रस्त्यावर दिवे नाहीत तिथं. सांभाळून जायला सांगा."

दूध न घेताच वर आलो. इंदूला सांगितलं, आजपासून मंदिर नको, सर्दी होईल. तिनं माझ्याकडं पाहिलं. सर्दी मंदिरात होत नाही, एवढं म्हणाली आणि आत गेली.

त्याला पत्र हवंय आणि मला हा माणूस आमच्या गेटवर नकोय. मॅडमच्या टेबलावर कोरे कागद असतात, शिक्काही तिथंच असतो. एक ओळ लिहायला कितीसा वेळ. हे मनात आलं, ते इथं लिहून ठेवतोय. लिहिलं नाही तर उद्या मी म्हणेन की आलंच नव्हतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज हात जागीच थांबला.

जेवणं लवकर उरकली. साडेआठ झाले असतील. त्या माणसाच्या भीतीनं मी आता दाराला कडी, वरची कडी आणि साखळी, तिन्ही घालतो. कडीला हात घातला आणि खिळ्यावरचं टोकन दिसलं. सात दिवस तिथंच होतं, आजच दिसलं. कडी सरकवता येईना. हातालाच आधी कळलं, मला मागून.

खिळ्यावर टोकन आहे. कुलूप घालायचं नाही.

माणूस आत राहिलाय.

खाली बसलो. नानांचं काही घसरलेलं नव्हतं. त्यांनी भाच्याच्या डोळ्यांसमोर एक पत्ता काढून घेतला आणि त्या जागी टोकन ठेवलं, गेजरूमच्या रीतीनं. वर मला सांगितलं, मोजून घ्या. मोजलं असतं तर तिथल्या तिथं कळलं असतं. मी सात दिवस ते खिळ्याला लावून जेवत होतो. आणि तिकडे माझ्याच अक्षरात लिहिलेलं त्या माणसाच्या मोबाइलमध्ये आहे.

इंदूला सगळं सांगितलं, पत्राचा विचारही. ती रागावली नाही. तिनं विचारलं, "तो नानांच्या मुलीचा नंबर आहे ना तुमच्याकडं?"

नंबर पहिल्या फॉर्मवर आहे. फॉर्मवरची माहिती सर्वेक्षणाबाहेर वापरायची नाही असं सही करून दिलंय. वापरली तर काम जाईल. शिवाय विक्कीला कळेल. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुमचा तो भट्टीमागचा माणूस, त्याला शोधायला कुणाची सही लागली होती?

साधनाला फोन लावला. दुसऱ्या पाळीवर होती, सुट्टीत बोलली. आधी मी कोण हेच तिला कळेना. मग सांगत गेली. आबांचा, म्हणजे नानांचा, फोन पडून फुटलाय, असं विक्कीनं महिन्यापूर्वी सांगितलं. फोन केला की आबा झोपलेले. मागच्या रविवारी ती दापोडीला निघाली होती, तर तो म्हणाला, मामांना गावाला सोडून आलोय, येऊ नको, कुलूप आहे. तिनं गावाला फोन केला नाही. तिकडं आता कुणाचे नंबरच राहिले नाहीत म्हणाली.

मी म्हटलं, मी सत्तावीस तारखेला गेलो तेव्हा नाना घरात होते, आणि तुमच्या त्या रविवारनंतर सोमवारी तोच मला फोनवर म्हणाला, झोपलेत.

मागून मशिनचा आवाज येत होता; सकाळी नऊला दापोडीला येते, तुम्हीही या, म्हणाली.

कडी घातली नाही. दार नुसतं लोटलंय आणि खुर्ची लावून बसलोय. इंदू म्हणते, खुळ्यासारखं करू नका. पण तीही झोपलेली नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

 क्रमानं लिहितो.

सकाळी नऊला दापोडीला पोचलो. साधना आली होती, गणवेशावरच, रात्री पाळी सुटून घरी गेल्यावर डोळा लागला नाही म्हणाली. तिनं चौकीतून एक हवालदार बरोबर आणले होते. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. मागची खिडकी आतून पुठ्ठ्यानं झाकलेली.

शेजारच्या बाई बाहेर आल्या. साधनाला त्यांनी ओळखलं. मग म्हणाल्या, "अगं कुलूप त्यांच्याच भल्यासाठी हाय. भटकत्यात ते आता. विक्कीनं दाखवलं ना आमाला, संस्थेचा मानूस येऊन गेला, त्यानंबी तसंच लिवलंय."

तो संस्थेचा माणूस त्यांच्यापासून चार हातांवर उभा होता.

साधना हाका मारत होती. आतून काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हवालदार म्हणाले, आत कुणी दिसत नाही, उगाच कुलूप कसं तोडणार. तेवढ्यात लाल मोटरसायकल आली. कुणीतरी फोन केला असणार. विक्की घाईत नव्हता. साधनाला ताई म्हणाला, मामा गावालाच आहेत म्हणाला, आणि हवालदारांना मोबाइल दाखवला. त्यांचं डोकं फिरलंय, हा बघा रिपोर्ट, हा यांनीच लिहिलाय, विचारा.

हवालदारांनी फोटो वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. विक्कीही बघत होता, हसतच. मला इंदूचा मंदिराचा रस्ता दिसत होता.  मी म्हणालो, "सही माझी आहे. नोंद चुकीची आहे. माणूस गोंधळलेला नव्हता, घाबरलेला होता. ते मला कळलं नाही."

हवालदार म्हणाले, नक्की? मी म्हटलं, लेखी देतो.

मग खिशातून टोकन काढलं आणि जाळीच्या लोखंडावर ठोकलं. पितळेचा आवाज वेगळा असतो, कंपनीत राहिलेल्या माणसाला तो कळतो. तीनदा ठोकलं, थांबलो, परत तीनदा.  आत काहीतरी फरशीवरून घासत आलं. सावकाश. मग लाकडी दाराच्या खालच्या फटीतून प्लास्टिकचा एक कोपरा बाहेर आला. मग पूर्ण पत्ता.

माझं मी ठरवणं.

कुलूप शेजाऱ्यांनीच तोडलं. पुढचं मला सलग आठवत नाही. नाना दाराशी जमिनीवर बसलेले, ओठ फुटलेले. खोलीत वास. पाण्याचा एक तांब्या, रिकामा. परवापासून तो आलाच न्हाई, हाका ऐकू आल्या पन आवाज फुटंना, म्हणाले. साधनाला त्यांनी आधी ओळखलंच नाही, उजेडानं डोळे मिटले होते. मग तिच्या तोंडावरून हात फिरवला.

विक्कीला चौकीवर नेलं. जाताना माझ्याजवळून गेला.  नुसती मान हलवून भेटू म्हटल्यासारखं केलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

नाना तळेगावच्या दवाखान्यात आहेत. सलाइन काढली.

स्वरूपा मॅडमकडे गेलो. नंबर वापरला ते सांगितलं, हरवलेला पत्ता सांगितला, छापून घेतलेला पत्ता टेबलावर ठेवला. त्या बराच वेळ त्याचा कोपरा बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते बरोबर होतं काका. पण तुम्ही नियम मोडलात हेही मला लिहावं लागेल." समितीपुढे जाईल, तोवर मी काम थांबवायचं. मी म्हटलं, माझा तो शेरा तेवढा खोडून द्या. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही म्हणाल्या, खाली नवी नोंद जोडता येते. जोडली.

विक्कीचा जबाब घेतला आणि सोडलं, असं साधनानं सांगितलं. आता कोर्टाची तारीख लागेल. इंदू आजपासून परत मंदिरात जाते. मी बरोबर जातो, बाहेर चपलांशी उभा राहतो. आज समोरच्या टपरीजवळ लाल मोटरसायकल होती. जवळ जाऊन नंबर बघायचं धाडस झालं नाही.

रविवार, २१ डिसेंबर

तळेगावला जाऊन आलो. साधनाच्या घराच्या गॅलरीत नाना उन्हात बसले होते. हजामत केलेली, स्वेटर नवा. दाराकडं तोंड करूनच बसतात, खुर्ची फिरवू देत नाहीत, असं साधनानं हळूच सांगितलं. संडासाची कडीही लावू देत नाहीत.

मी अजून कामावर नाही, पण पत्ते पिशवीत होते. आपलं म्हणून काढले. नानांनी हात पुढं करून ते परत मिटवले.

"आता न्हाई. जॉब गरम हाय अजून."

किती दिवस थांबू, असं मी विचारलं. ते म्हणाले, ह्ये तुमाला ठावं, गेजरूमचं तुमी. मग एकदम म्हणाले, पहिले दोन दिवस मला वाटलं तुमी आज येताल. मग वाटलं, इसरला बुवा. मग वाटलं, ह्यो काय इसरायचा न्हाई, ह्येचं एक गेज माझ्याकडं ऱ्हायलंय.  आठ दिवस उशीर झाला, एवढंच कसंबसं म्हणालो. ते म्हणाले, भट्टीमागच्याला किती लागला होता? मी सांगितलं, चाळीस मिनिटं.

"तवा तुमी तरणं व्हता," ते म्हणाले.

निघताना टोकन त्यांच्या हातात दिलं. ते बोटांनी आकडा चाचपत राहिले आणि परत माझ्या तळहातावर ठेवलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्या खिळ्याला. हितं मला काय उपेग. मी कुठं हाय ते दुसऱ्या कुनाला तरी ठावं पायजे."

शुक्रवार, २६ डिसेंबर

संस्थेचं अजून काही कळलं नाही. विक्कीला तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली.

आता रोज साडेआठला, कडी घालायच्या आधी, मी तळेगावला फोन लावतो. साधनानं त्यांना नवा फोन घेऊन दिलाय, मोठ्या बटणांचा. नाना हॅलो म्हणत नाहीत. "एकशे चौदा," म्हणतात आणि ठेवतात. मी वहीत खूण करतो.

आज घंटा वाजत राहिली. पहिल्यांदा पूर्ण वाजून बंद पडली. दुसऱ्यांदाही. इंदू ओट्याशी हातातलं भांडं तसंच धरून उभी होती. साधना दुसऱ्या पाळीला असते, घरी नाना एकटे, ते मला माहीत होतं, आणि ते आणखी कुणाला माहीत असेल याचा विचार मी करत होतो. पायात चप्पल घातली. तिसऱ्यांदा लावला.

सात घंटा झाल्यावर उचलला. आधी नुसता श्वास. मग टीव्हीचा आवाज. मग खोकला.

"एकशे चौदा," नाना म्हणाले. "मोरीत होतो."

कडी घातली. वरचीही. आठ वाजून अडतीस मिनिटं.